सिक्वेन्सिंग रीड्सची छाटणी : कात्री कुठे लावायची आणि किती

सिक्वेन्सर म्हणजे डीएनए वाचणाऱ्या मशीनमधून आलेली फास्टक्यू फाइल (तिच्यात रीड म्हणजे वाचलेले तुकडे आणि त्यांतल्या प्रत्येक बेसची, म्हणजे अक्षराची, क्वालिटी असते) थेट विश्लेषणाला लावू नये, आधी छाटून घ्यावी, हे या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळते. किती छाटायचे, हे मात्र कोणी फारसे सांगत नाही. मग कुठूनतरी मिळालेली कमांड जशीच्या तशी चालवली जाते, तपासणीचे आलेख हिरवे झाले की समाधान वाटते, आणि त्या कमांडने काय बिघडवले ते पुढे व्हेरियंटच्या म्हणजे डीएनएतल्या फरकांच्या यादीत किंवा जीन एक्स्प्रेशनच्या तक्त्यात शिरते. तिथे ते शोधून काढणे फार कठीण असते.

या लेखातली प्रत्येक पायरी एका सूत्रावर उभी आहे : छाटणीचे प्रमाण पुढचे विश्लेषण ठरवते. ॲडॅप्टर, म्हणजे मशीनसाठी डीएनए तुकड्याच्या टोकांना जोडलेला कृत्रिम क्रम, जवळजवळ नेहमीच काढावा लागतो. कमी क्वालिटीचे बेस काढताना हात हलका ठेवावा, काही कामांत तर ते काढूच नयेत.

छाटणी म्हणजे नेमके काय काय

या एका शब्दाखाली चार वेगळी कामे येतात आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत. पहिले काम ॲडॅप्टर आणि प्रायमर काढण्याचे. हे बेस मशीनने बरोबर वाचलेले असतात, पण ते नमुन्याच्या डीएनएचे नसतात. दुसरे काम रीडच्या टोकाकडचे संशयास्पद बेस काढण्याचे. तिसरे, मशीनच्या रसायनामुळे तयार होणाऱ्या खोट्या शेपट्या काढण्याचे. त्यात पॉली-जी, म्हणजे सलग जी बेसची रांग, ही मुख्य. चौथे, या सगळ्यानंतर फार आखूड उरलेले रीड टाकून देण्याचे. एकाच कमांडमध्ये ही चारही कामे होतात म्हणून ती एकच वाटतात. अडचण आली की मात्र कोणते काम बिघडले ते वेगवेगळे तपासावे लागते.

क्वालिटीचा आकडा वाचताना

प्रत्येक बेससोबत येणारा फ्रेड स्कोअर हा चुकीच्या शक्यतेचा लॉगरिदम आहे : शक्यतेचा दहाच्या पायाचा लॉग घ्यायचा आणि त्याला उणे दहाने गुणायचे. १० म्हणजे दहात एक चूक, २० म्हणजे शंभरात एक, ३० म्हणजे हजारात एक, ४० म्हणजे दहा हजारांत एक. ही मोजणी सँगर सिक्वेन्सिंगच्या काळातल्या फ्रेड या प्रोग्राममधून आली. ब्रेंट युइंग आणि फिल ग्रीन यांनी तो १९९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि नाव तेच राहिले.

आकडा लॉगचा असल्याने त्याची सरासरी फसवी असते. १०० बेसचा एक रीड घ्या. त्यातल्या ९० बेसची क्वालिटी ४० आणि शेवटच्या दहांची २. सरासरी येते ३६.२, म्हणजे रीड उत्तम वाटतो. आता प्रत्येक बेसची चुकीची शक्यता काढून बेरीज करा. ९० चांगल्या बेसची मिळून ०.००९, आणि दहा वाईट बेसची, प्रत्येकी ०.६३ प्रमाणे, ६.३. म्हणजे या रीडमध्ये सहाहून अधिक चुका अपेक्षित आहेत. दुसऱ्या रीडमधले सगळे बेस २५ चे असतील तर सरासरी अवघी २५, पण अपेक्षित चुका फक्त ०.३२. सरासरीवर चाळणी लावली तर पहिला रीड राहतो आणि दुसरा जातो. म्हणून आखूड रीडसाठी ‘सरासरी क्वालिटी अमुकपेक्षा जास्त’ ही एकमेव अट लावू नये. अपेक्षित चुकांची बेरीज हे माप जास्त खरे आहे, आणि डाडा-टू, व्हीसर्च यांसारखे प्रोग्राम तेच वापरतात.

इल्युमिना कंपनीच्या मशीनच्या रीडमध्ये क्वालिटी शेवटाकडे का घसरते? मशीन एकेका रेणूचा प्रकाश पाहत नाही; एकसारख्या रेणूंच्या संपूर्ण पुंजक्याचा प्रकाश पाहते. प्रत्येक फेरीत काही रेणू एक पाऊल मागे पडतात, काही एक पाऊल पुढे जातात. शंभर-दीडशे फेऱ्यांनंतर पुंजक्याचा ताल बिघडतो, एका रंगात शेजारच्या बेसचा रंग मिसळतो आणि मशीनची खात्री कमी होते. एकच तुकडा दोन्ही टोकांकडून वाचून रीडची जोडी केली असेल तर दुसरा रीड पहिल्यापेक्षा बहुधा वाईट असतो, कारण तोवर पुंजक्यांनी पहिल्या रीडच्या सगळ्या फेऱ्या आणि लेझरचा मारा सोसलेला असतो. त्यामुळे दुसऱ्या रीडची शेपटी थोडी जास्त छाटली गेली तर चिंता करू नये.

कात्री उचलण्यापूर्वी फाइल तपासा

मूळ फाइल कधीही बदलू नका. तिला फक्त वाचण्याची परवानगी ठेवा. डाउनलोड पूर्ण झाले का हे एमडीफाइव्ह बेरजेने (फाइलीवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याने) पडताळा. बेरीज मिळाली नसेल तर निदान जीझिपच्या चाचणी पर्यायाने दाबलेली फाइल सलग उघडते का ते पाहा. अर्धवट उतरलेली फाइल अनेकदा निमूट चालते आणि मधेच संपते. मग एका रीडच्या चार ओळी या हिशोबाने दोन्ही फाइलींच्या ओळी मोजा. जोडीच्या दोन फाइलींत रीडची संख्या अगदी सारखी हवी, आणि एकूण ओळींना चारने पूर्ण भाग जायला हवा.

जुना डेटा असेल तर क्वालिटीची लिपीही पाहा. २०११ नंतरच्या इल्युमिना फाइलींत आकड्यात ३३ मिळवून चिन्ह लिहिलेले असते, त्याआधीच्या अनेक फाइलींत ६४ मिळवलेले असते. क्वालिटीच्या ओळीत अंक किंवा ‘#’ दिसले तर ती ३३ ची. हजारो रीडमध्ये एकही अंक नाही आणि लहान लिपीतली इंग्रजी अक्षरे मात्र भरपूर, तर ती ६४ ची. चुकून ६४ ची फाइल ३३ ची म्हणून वाचली तर प्रत्येक बेस ३१ गुणांनी चांगला भासतो आणि छाटणी जवळजवळ होतच नाही. उलटी चूक झाली तर प्रोग्राम थांबतो किंवा चांगले रीडही सपाट कापतो.

यानंतर फास्टक्यूसी हा तपासणीचा प्रोग्राम चालवा आणि नमुने अनेक असतील तर सगळे अहवाल मल्टीक्यूसीने एकत्र पाहा. त्यातले लाल-पिवळे दिवे निकालपत्रासारखे वाचू नका. ते साध्या जीनोम लायब्ररीच्या (लायब्ररी म्हणजे सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेले तुकडे) अपेक्षेवर बेतलेले आहेत. आरएनए-सीकमध्ये, म्हणजे आरएनएच्या सिक्वेन्सिंगमध्ये, पहिल्या दहा-बारा बेसपर्यंत ए, सी, जी, टी यांच्या रेषा वरखाली नाचताना दिसतात. त्याचे कारण रँडम हेक्सामर प्रायमरची पसंती. ते बेस चुकीचे नसतात. ते कापल्याने रेषा सरळ होतात, पसंती मात्र तशीच राहते, कारण कोणता तुकडा लायब्ररीत आला हे आधीच ठरलेले असते. वर चांगला मजकूर हकनाक जातो. टीएन-५ एन्झाइमने केलेल्या लायब्ररीतही सुरुवातीला असाच नाच दिसतो आणि तोही तसाच सोडावा. आरएनए-सीकमध्ये डुप्लिकेटचा दिवा लाल होणे स्वाभाविक आहे, कारण काही जीन खरोखरच प्रचंड व्यक्त होतात.

नीट पाहायचे ते तीन आलेख : बेसनिहाय क्वालिटी, ॲडॅप्टरचे प्रमाण आणि वारंवार येणारे सिक्वेन्स. ॲडॅप्टरची रेषा रीडच्या कितव्या बेसपासून वर चढू लागते यावरून लायब्ररीतले तुकडे किती आखूड आहेत ते कळते. बेसनिहाय क्वालिटी मध्येच एका फेरीत सगळ्या रीडसाठी कोसळून पुन्हा सावरली असेल तर तो बहुधा मशीनमधला बुडबुडा किंवा तत्सम प्रसंग असतो. त्यावर शेपटी छाटण्याचा उपयोग नाही. तेवढे बेस एन (म्हणजे ‘बेस माहीत नाही’) करून झाकावेत किंवा रन पुन्हा मागावा.

ॲडॅप्टर : इथे तडजोड नको

तुकडा रीडपेक्षा आखूड असला की मशीन तुकडा संपवून पलीकडचा ॲडॅप्टर वाचू लागते. १२० बेसचा तुकडा आणि १५० चा रीड असेल तर शेवटचे ३० बेस ॲडॅप्टरचे. ते उत्तम क्वालिटीचे असू शकतात, म्हणून क्वालिटीची कात्री त्यांना हात लावत नाही. ते तसेच राहिले तर असेम्ब्लीत (रीड जोडून मूळ क्रम उभारताना) भलतेच भाग एकमेकांना जोडले जातात, आणि टोकापासून टोकापर्यंत जुळणी मागणारे अलाइनर, म्हणजे रीड जीनोमवर बसवणारे प्रोग्राम, तो रीडच नाकारतात.

ट्रूसीक प्रकारच्या लायब्ररीत दोन्ही रीडमध्ये दिसणारा ॲडॅप्टरचा समान आरंभ असा आहे : एजीएटीसी जीजीएएजी एजीसी, एकूण १३ बेस. नेक्स्टेरा प्रकारात तो सीटीजीटीसी टीसीटीटी एटीए असतो, १२ बेसचा. लायब्ररी कोणत्या किटने केली हे प्रयोगशाळेला विचारून लिहून घ्या, अंदाज करू नका. चुकीचा ॲडॅप्टर दिला तर कोणताही प्रोग्राम तक्रार करत नाही. तो शांतपणे चालतो आणि अहवालात ॲडॅप्टर सापडलेले रीड शून्याच्या जवळ दाखवतो. फास्टक्यूसीत ॲडॅप्टर १५ टक्के दिसत होता आणि छाटणीच्या अहवालात ०.३ टक्के दिसतो, तर चूक इथेच आहे. दुसरी नेहमीची चूक उलट पूरक क्रम (समोरच्या साखळीवरचा, उलट दिशेने वाचलेला) देण्याची. तीन-प्राइम, म्हणजे रीडच्या शेवटच्या टोकाचा ॲडॅप्टर रीडमध्ये जसा दिसतो तसाच द्यायचा असतो.

जोडीच्या रीडमध्ये ॲडॅप्टर ओळखण्याची एक फार चांगली सोय आहे. तुकडा रीडपेक्षा आखूड असेल तर दोन्ही रीडचा खरा भाग एकमेकांचा तंतोतंत उलट पूरक असतो. दोघांना जुळवून पाहिले की तुकड्याची लांबी कळते आणि त्यापुढचे सगळे ॲडॅप्टरचे, मग ते दोनच बेस का असेनात. फास्टपी हा छाटणीचा प्रोग्राम हेच करतो. मात्र त्याला मूळ सेटिंगमध्ये निदान ३० बेसचा मेळ लागतो, म्हणून त्याहून आखूड तुकडे आणि रिकामे ॲडॅप्टर-डायमर (मध्ये तुकडा नसताना एकमेकांना जुळलेले ॲडॅप्टर) यांच्यासाठी ॲडॅप्टरचा क्रमही स्वतः द्यावा.

ट्रिमोमॅटिक या छाटणीच्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये याच युक्तीला पॅलिनड्रोम मोड म्हणतात. तो सुरू व्हायला ॲडॅप्टरच्या फास्टा फाइलीत दोन्ही क्रमांची नावे ‘प्रीफिक्स’ या शब्दाने सुरू होऊन एक आणि दोन या क्रमांकांनी संपावी लागतात. स्वतः बनवलेल्या फाइलीत हे राहिले की मोड गुपचूप बंद राहतो. त्याच्या इल्युमिनाक्लिप पायरीतले २, ३० आणि १० हे आकडे अनेक जण अर्थ न कळता उतरवतात. २ म्हणजे बीजतुकड्यात चालणाऱ्या चुका, ३० हा पॅलिनड्रोमचा उंबरठा आणि १० हा साध्या शोधाचा. जुळलेल्या प्रत्येक बेसला साधारण ०.६ गुण मिळतात, म्हणजे साध्या शोधाला सुमारे १७ बेस जुळावे लागतात. म्हणूनच एकेरी रीडमध्ये ट्रिमोमॅटिकनंतरही दहा-बारा बेसचे ॲडॅप्टरचे शेपूट उरते. तिथे कटॲडॅप्ट हा प्रोग्राम जास्त उपयोगी, कारण तो मूळ सेटिंगमध्ये तीन बेसचा मेळही धरतो. त्याची किंमत अशी की योगायोगाने साधारण ६४ रीडमागे एकाचे शेवटचे तीन खरे बेस जातात. मॅपिंगला त्याने काही बिघडत नाही.

पॅलिनड्रोम मोडचा आणखी एक खोडा : ॲडॅप्टर सापडला की ट्रिमोमॅटिक दुसरा रीड पूर्णच टाकतो, कारण त्यात नवी माहिती नसते. पुढच्या प्रोग्रामला जोड्या हव्या असतील तर हे परवडत नाही. म्हणून त्या पायरीच्या शेवटी आणखी दोन मूल्ये द्यावीत : किमान ॲडॅप्टर लांबी २ आणि ‘दोन्ही रीड ठेवा’ यासाठी ट्रू.

पॉली-जी : चांगल्या क्वालिटीचा खोटा मजकूर

नेक्स्टसीक, मिनीसीक आणि नोव्हासीक या दोन रंगांच्या मशीनमध्ये जी या बेसला प्रकाशच नसतो. अंधार म्हणजे जी. तुकडा संपला किंवा पुंजका विझला की मशीन अंधार पाहते आणि सलग जी लिहीत जाते, तेही बऱ्याचदा उंच क्वालिटीने. त्यामुळे नेहमीची छाटणी त्यांना ओळखत नाही. कटॲडॅप्टमध्ये यासाठी ‘नेक्स्टसीक-ट्रिम’ हा वेगळा पर्याय आहे. टोकाकडच्या जी बेसची क्वालिटी दुर्लक्षून तो कापतो, आणि नेहमीच्या क्वालिटी पर्यायाच्या जागी त्याला २० हे मूल्य द्यायचे.

फास्टपी ही छाटणी आपोआप सुरू करतो, पण रीडच्या नावातली मशीनची ओळख पाहून. सार्वजनिक संग्रहातून उतरवलेल्या फाइलींत रीडची नावे बरेचदा बदललेली असतात. मग ओळख पटत नाही, पॉली-जी तसाच राहतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा फाइलींसाठी पॉली-जी छाटणीचा पर्याय स्वतः लिहून सुरू करावा.

क्वालिटीची कात्री कशी चालते

दोन पद्धती मुख्य आहेत. एका उदाहरणावर दोन्ही पाहू. रीडच्या शेवटच्या ११ बेसची क्वालिटी अशी : ३८, ३७, ३५, ३६, ३०, १२, २७, ९, १४, ६, २. उंबरठा २०.

कटॲडॅप्टची पद्धत बीडब्ल्यूए या अलाइनरमधून आलेली आहे. प्रत्येक आकड्यातून २० वजा करायचे : १८, १७, १५, १६, १०, −८, ७, −११, −६, −१४, −१८. आता शेवटाकडून बेरीज करत यायचे : −१८, −३२, −३८, −४९, −४२, −५०, −४०, −२४, −९ आणि मग अधिक ८. बेरीज शून्याच्या वर गेली की थांबायचे. सर्वांत खालची बेरीज −५०, ती १२ च्या बेसवर. तिथून पुढचे सहा बेस जातात आणि पहिले पाच राहतात. मधला २७ हा एकटा चांगला बेस आजूबाजूच्या वाईट बेसना वाचवू शकला नाही. हेच या पद्धतीचे बळ आहे.

दुसरी पद्धत सरकत्या खिडकीची. सुरुवातीपासून चार-चार बेसची सरासरी काढत पुढे जायचे : ३६.५, ३४.५, २८.२५, २६.२५ आणि मग ३०, १२, २७, ९ यांची १९.५. उंबरठा मोडला, कात्री चालली. खिडकीतल्या नेमक्या कोणत्या बेसवर कापायचे ते प्रत्येक प्रोग्रामगणिक एखाद-दोन बेसने बदलते. या पद्धतीत एक धोका आहे. रीडच्या मध्यावर चार-पाच बेस खराब असतील आणि पुढचे शंभर उत्तम असतील, तरी तिथून पुढचे सगळे जाते. फास्टपीत ‘कट-राइट’ असाच वागतो. ‘कट-टेल’ शेवटाकडून आत येतो आणि चांगली खिडकी भेटली की थांबतो. बहुतेक कामांना कट-टेल पुरतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फास्टपी काहीही न सांगता चालवला तर तो क्वालिटीनुसार टोके छाटतच नाही. तो फक्त चाळतो : ४० टक्क्यांहून अधिक बेस १५ च्या खाली असलेले रीड, पाचपेक्षा जास्त एन असलेले रीड आणि १५ बेसपेक्षा आखूड रीड टाकून देतो. खिडकीची छाटणी हवी असेल तर ती स्वतः सुरू करावी लागते.

नव्या मशीनचा आणखी एक मुद्दा. नोव्हासीक ६००० सारखी यंत्रे क्वालिटीचे सगळे आकडे न देता मोजक्या टप्प्यांत गोळा करून देतात, उदाहरणार्थ २, १२, २३ आणि ३७. मग ‘एकेका बेससाठी उंबरठा १५ ठेवू की २०’ या वादाला अर्थच उरत नाही, कारण १२ आणि २३ च्या मध्ये काहीच नाही. २५ ठेवलात तर मात्र २३ चे सगळे बेस एकदम जातील.

किती छाटायचे : कामानुसार

जीनोमवर मॅपिंग करून व्हेरियंट शोधायचे असतील तर ॲडॅप्टर आणि पॉली-जी काढा आणि क्वालिटीची छाटणी अगदी सौम्य ठेवा किंवा सोडून द्या. बीडब्ल्यूए-मेम न जुळणारी टोके स्वतःच बाजूला ठेवतो. जीएटीके हा व्हेरियंट शोधणारा प्रोग्राम प्रत्येक बेसची क्वालिटी हिशोबात घेऊन व्हेरियंट ठरवतो. म्हणजे संशयास्पद बेसला आधीच कमी वजन मिळते. वरून कात्री लावल्याने मिळते थोडे आणि जाते जास्त. सुरुवातीच्या टोकाला तर क्वालिटीची कात्री लावूच नये. डुप्लिकेट ओळखणारे प्रोग्राम रीडच्या पहिल्या बेसची जागा पाहतात. एका प्रतीचे तीन बेस गेले आणि दुसरीचे गेले नाहीत, की त्या दोन प्रती वेगळ्या मानल्या जातात आणि पीसीआरमधली एक चूक दोन स्वतंत्र पुरावे म्हणून उभी राहते.

आरएनए-सीकमध्ये मोजणी करायची असेल तर जास्त छाटणी थेट नुकसान करते. आखूड झालेले रीड भलत्याच जीनवर किंवा एकाच वेळी अनेक जागी बसतात आणि एक्स्प्रेशनचे आकडे हलतात. छाटायचेच असेल तर उंबरठा ५ ते १० ठेवा आणि किमान लांबी ५० बेस, रीड १०० किंवा १५० चे असतील तर. ट्रान्सक्रिप्टोमची (पेशीतल्या सगळ्या आरएनएची) नव्याने असेम्ब्ली करणाऱ्यांसाठी मॅथ्यू मॅकमेन्स यांनी २०१४ मध्ये दाखवले की २ किंवा ५ इतका सौम्य उंबरठा कडक छाटणीपेक्षा बरा ठरतो. कडक छाटणीत कमी प्रमाणात व्यक्त होणाऱ्या ट्रान्सक्रिप्टचे मोजके रीडच आधी संपतात.

जीनोमची असेम्ब्ली थोडी वेगळी आहे. तिथे रीडचे के-मर, म्हणजे के इतक्या बेसचे तुकडे, होतात आणि रीडमधला एक चुकीचा बेस के इतके खोटे के-मर निर्माण करू शकतो. के ५५ असेल तर एका चुकीमागे ५५ पर्यंत. म्हणून इथे १५ ते २० चा उंबरठा योग्य, आणि किमान लांबी वापरायच्या सर्वांत मोठ्या के पेक्षा जास्त असावी. त्याहून आखूड रीड त्या के साठी निरुपयोगीच. स्पेड्ससारखा असेम्ब्लर स्वतः चुका दुरुस्त करत असेल तर उंबरठा आणखी खाली आणता येतो. असेम्ब्लीपूर्वी फाय-एक्स या नियंत्रण विषाणूचे रीडही काढा. त्याचा जीनोम ५,३८६ बेसचा आहे आणि असेम्ब्लीत बरोबर त्याच लांबीचा कॉन्टिग (जोडून झालेला सलग क्रम) दिसला, तर तो जीव तुमच्या नमुन्यातला नाही.

जीवाणू ओळखण्याच्या सोळा-एस जीनसारख्या ॲम्प्लिकॉनमध्ये, म्हणजे पीसीआरने वाढवलेल्या ठरावीक तुकड्यात, खिडकीची छाटणी वापरू नये. आधी कटॲडॅप्टने प्रायमर काढावेत आणि ज्या रीडमध्ये प्रायमर सापडला नाही ते टाकावेत. मग डाडा-टूमध्ये सगळे रीड ठरावीक लांबीवर तोडून अपेक्षित चुकांची मर्यादा लावावी, साधारण २. तोडण्याची लांबी ठरवताना आलेखाइतकाच ओव्हरलॅपचा हिशोब महत्त्वाचा. सोळा-एसच्या व्ही३-व्ही४ भागाचा तुकडा सुमारे ४६५ बेसचा, १७ आणि २१ बेसचे प्रायमर वजा जाता सुमारे ४२७. रीड २६० आणि १९० वर तोडले तर बेरीज ४५०, म्हणजे २३ बेसचा ओव्हरलॅप उरतो आणि जोडी जुळते. २३० आणि १९० केले तर बेरीज ४२०. आलेख सुंदर दिसतो, पण एकही जोडी जुळत नाही. ‘जोडल्यानंतर सगळे रीड गायब झाले’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हीच वजाबाकी असते. किमान १२ बेस डाडा-टू मागतो. प्रजातीगणिक लांबी बदलते म्हणून २० च्या वर ठेवावे.

मायक्रो-आरएनए साधारण २२ बेसचा असतो, म्हणून प्रत्येक खऱ्या रीडमध्ये ॲडॅप्टर असायलाच हवा. इथे नियम उलटा होतो : ॲडॅप्टर न सापडलेले रीड टाका आणि किमान लांबी १८ ठेवा. नेहमीची ३६ किंवा ५० ची अट चुकून राहिली तर सगळाच डेटा जातो.

नॅनोपोर मशीनच्या लांब रीडला ही खिडकीची पद्धत लावू नये. तिथे क्वालिटी शेवटाकडे हळूहळू घसरत नाही, चुका सगळीकडे विखुरलेल्या असतात. ॲडॅप्टर काढून लांबी आणि संपूर्ण रीडची क्वालिटी यांवर चाळणी लावावी, एवढेच.

क्रम आणि सेटिंग

रीडमध्ये यूएमआय म्हणजे रेणूची ओळखखूण असेल तर ती सर्वांत आधी काढून रीडच्या नावात ठेवा. छाटणीनंतर ती सापडणार नाही. मग ॲडॅप्टर, मग पॉली-जी, मग क्वालिटी, शेवटी लांबी. लांबीची अट आधी लावली तर नंतर आखूड झालेले रीड सुटून जातात. ट्रिमोमॅटिक पायऱ्या तुम्ही लिहाल त्या क्रमानेच करतो, म्हणून किमान लांबी नेहमी शेवटी लिहावी. ॲडॅप्टर क्वालिटीच्या आधी घेण्याचे कारण असे की अर्धा कापलेला ॲडॅप्टर नंतर ओळखू येत नाही. कटॲडॅप्ट मात्र आतून क्वालिटी आधी आणि ॲडॅप्टर नंतर करतो. तीन बेसचा मेळही धरत असल्याने त्याला ते चालते.

१५० बेसच्या जोडीच्या रीडसाठी, मॅपिंग समोर ठेवून, सुरुवात अशी करा. फास्टपी : दोन्ही ॲडॅप्टरचे क्रम स्वतः द्या, जोडीसाठी ॲडॅप्टर शोध सुरू, दोन रंगांचे मशीन असेल तर पॉली-जी सुरू, कट-टेल सुरू, खिडकी ४, सरासरी १५, किमान लांबी ५०. ट्रिमोमॅटिक : वर सांगितलेले इल्युमिनाक्लिप २:३०:१०:२:ट्रू, मग ट्रेलिंग ३, स्लायडिंग विंडो ४:१५, मिनलेन ५०. कटॲडॅप्ट : दोन्ही रीडसाठी ॲडॅप्टर वेगळे द्या, क्वालिटी १५, किमान लांबी ५०. कटॲडॅप्टमध्ये किमान लांबी दिली नाही तर शून्य लांबीचे रीड फाइलीत राहतात आणि पुढचा प्रोग्राम त्यावर अडखळतो.

जोडीच्या दोन फाइली कधीही वेगवेगळ्या छाटू नका. एकीतून एक रीड गेला आणि दुसरीतून नाही, की तिथून पुढची प्रत्येक जोडी एक घर सरकते. काही अलाइनर नाव न जुळल्याची चूक दाखवून थांबतात. काही थांबत नाहीत, आणि मग योग्य जोड्यांचे प्रमाण अचानक कोसळलेले दिसते. ट्रिमोमॅटिक जोडीसाठी चार फाइली देतो : टिकलेल्या जोड्यांच्या दोन आणि जोडीदार गेलेल्या एकट्या रीडच्या दोन. अलाइनरला पहिल्या प्रकारच्याच दोन द्यायच्या. नावे सारखी दिसतात म्हणून इथे गल्लत फार होते.

छाटल्यानंतर

पुन्हा फास्टक्यूसी चालवून आधीचा आणि नंतरचा अहवाल शेजारी ठेवा. ॲडॅप्टरची रेषा तळाशी आली का, पॉली-जी वारंवारच्या यादीतून गेला का, किती जोड्या टिकल्या, सरासरी लांबी किती उरली. रीडच्या लांबीचा दिवा आता पिवळा होईल, कारण लांब्या वेगवेगळ्या झाल्या. तो सोडून द्या. खरी परीक्षा पुढे आहे. लाखभर रीडचा एक छोटा नमुना छाटलेला आणि न छाटलेला, दोन्ही मॅप करून पाहा. एकाच जागी बसलेल्या रीडची टक्केवारी छाटल्यावर वाढली, पण टिकलेल्या रीडची एकूण संख्या त्याहून जास्त घटली, तर कात्री फार खोल गेली आहे.

एका अभ्यासातल्या सगळ्या नमुन्यांना एकच सेटिंग द्या. खराब दिसणाऱ्या दोन नमुन्यांना वेगळा उंबरठा लावला की छाटणीतला फरक जैविक फरक म्हणून समोर येतो. दोन रनची रीड लांबीच वेगळी असेल, १०० आणि १५०, तर सगळे रीड १०० वर तोडून घेणे जास्त प्रामाणिक. प्रोग्रामची आवृत्ती, पूर्ण कमांड, ॲडॅप्टरचे क्रम आणि आधी-नंतरचे आकडे नमुन्याच्या नावासह लिहून ठेवा.

टिकलेल्या जोड्या अनपेक्षितपणे कमी आल्या तर उंबरठा सैल करण्यापूर्वी रीड कोणत्या अटीने गेले ते अहवालात पाहा. बहुतेक आखूड म्हणून गेले असतील आणि ॲडॅप्टरही भरपूर सापडला असेल, तर लायब्ररीतच डायमर किंवा तुटलेला डीएनए आहे; त्यावर सेटिंगचा इलाज नाही, लायब्ररीची साइज सिलेक्शन पुन्हा करावी लागेल. क्वालिटीमुळे गेले असतील आणि दोन्ही रीडमधले सारखेच गेले असतील, तर क्वालिटीची लिपी ३३ ची की ६४ ची ते पुन्हा तपासा. फक्त दुसरा रीड कोसळला असेल आणि काम मोजणीचे असेल, तर दुसरी फाइल बाजूला ठेवून पहिल्या रीडवर एकेरी विश्लेषण करा. सगळ्या नमुन्यांसाठी तसेच करा.